अधिक महिन्याचं वाण

लोक छंद म्हणून चित्रकला शिकतात. मनाला शांती मिळते म्हणे. मी शिकले ती एका बाईचं नाक खाली करायला, आणि ही गोष्ट मी कुणापासून लपवली नाही. फक्त त्या बाईपासून लपवली. ती बाई म्हणजे माझी विहीण.

आधी आमचं सांगते. आम्ही रत्नागिरीत बंदराजवळ राहतो. नवरा मच्छीमार बोटीवर तांडेल आहे, म्हणजे समुद्रात बोट त्याच्या हुकमाने चालते आणि जमिनीवर घर माझ्या. मी सुक्या मासळीचं दुकान चालवते. बारावी झालेय, बोलण्यात कुणाला हार जात नाही. मुलगी एकुलती एक. ती जयगडला पोर्टच्या ऑफिसात लागली आणि तिथेच तिचं जमलं. मुलगा चांगला, शांत, नोकरीवाला. त्याचं घर मारुती मंदिरापाशी, तिसऱ्या मजल्यावर, शुद्ध शाकाहारी. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शाकाहारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, त्यातली काही माझ्या दुकानाच्या मागच्या दाराने येतात.

लग्नात मुलीकडचे लोक रुखवत मांडतात. आईने, मावश्यांनी हाताने केलेल्या वस्तू टेबलावर ठेवायच्या, पाहुण्यांनी बघायच्या, वाहवा करायची. मी वर्षभर खपून गोधडी शिवली होती. माझ्या आईची चार जुनी लुगडी, मधोमध तिचं हिरवं, कडेला लाल काठ, आणि सगळीकडून बोटाच्या पेरापेक्षा बारीक धावदोरा. रिठ्याच्या पाण्यात धुतली, सावलीत वाळवली, सुरंगीच्या सुकवलेल्या कळ्या घडीत घालून कपाटात ठेवली. विहीणबाई टेबलाशी आल्या. गोधडी दोन बोटांनी उचलली, नाकापाशी नेली, परत ठेवली आणि हसून म्हणाल्या, "सुरेख आहे हो. चार दिवस उन्हात ठेवू, मग घरात घेऊ."

त्यांच्याकडच्या दोघी-तिघी हसल्या. मीही हसले. मुलीच्या आईने त्या दिवशी हसायचंच असतं.

गोधडीला वास नव्हता. हे मी आजही देवळात उभी राहून सांगेन. वास त्यांच्या डोक्यात होता.

तरी मी ते पोटात ठेवलं. म्हटलं, बोलून गेली असेल बाई, लग्नघरात जीभ घसरते. दोन महिन्यांनी बाजारातून रिक्षाने येत होते. रिक्षावाल्याने त्यांच्या बिल्डिंगसमोर वळण घेतलं आणि मला पार्किंगमध्ये लाल काठ दिसला. "जरा थांब रे" म्हणून उतरले. माझी गोधडी विहीणबाईंच्या स्कूटरवर घातली होती, धूळ बसू नये म्हणून. वर एक मांजर ऐसपैस झोपलं होतं. माझ्या आईच्या हिरव्या लुगड्यावर. त्या मांजराला मात्र कुणी चार दिवस उन्हात ठेवलं नव्हतं.

मी वर गेले नाही. रिक्षात बसून घरी आले आणि रात्रीचं जेवण झाल्यावर मुलीला फोन केला. सहज विचारल्यासारखं विचारलं, "गोधडी घेतंस काय गो पांघरायला?"

"हो आई. रोज घेते."

लग्नाला दोनच महिने झाले होते आणि पोर माझ्याशी खोटं बोलायला शिकली होती. स्कूटरपेक्षा ते मला जास्त लागलं. त्या घरात माझ्या हातची एक वस्तू नव्हती, आणि ती नाही हे लपवायचं काम माझ्या मुलीवर आलं होतं.

विहीणबाईंच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर गुलाबांचं एक मोठं चित्र होतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, "ओरिजिनल ऑइल आहे." त्या भिंतीची त्यांना भारी घमेंड. मी ठरवलं, याच भिंतीवर माझ्या हातचं लागेल, आणि ते विहीणबाई स्वतः स्टुलावर चढून लावतील. कसं, ते तेव्हा माहीत नव्हतं.

मिरजोळ्याला कारखान्यांच्या मागच्या वस्तीत एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतात. मूळचे घाटावरचे, तीस वर्षं इथे काढली पण बोलणं तिकडचंच राहिलं. घराच्या पडवीत ते शनिवार-रविवारी तैलरंग शिकवतात. मी गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, काय काढायचं मनात हाय?" मी म्हटलं, "फुलं. तांब्यात ठेवलेली. भिंतीवर लावण्याजोगी." ते म्हणाले, "सगळ्यांस्नी फुलंच पायजेत. आदी तांब्या काढा."

महिनाभर नुसता तांब्या काढला. नवरा रोज विचारायचा, "काय गो, आज तरी पानी भरलं काय तांब्यात?" दप्तर आणू का, डबा देऊ का, शाळेत मास्तर मारतो का, त्याचं चालूच. कारण त्याला ठाऊक होतं, आणि गोधडीचं कळल्यापासून तोही आतून धुमसत होता. पण पुरुष धुमसला की टिंगल करतो, त्याला दुसरं येत नाही.

मास्तरांनी पहिल्यांदा फूल पुढ्यात ठेवलं ते जास्वंदीचं. मी पाकळीच्या कडेने रेघ मारून आत रंग भरू लागले. त्यांनी माझ्या हातातून ब्रश घेतला. "रांगोळी न्हाई ही. फुलाच्या मागं अंदार हाय नव्हं? तो आदी लावा, आन् पाकळीपाशी येऊन थांबा." मागचा काळोख लावत पाकळीच्या कडेपर्यंत यायचं, तिथे थांबायचं. रेघ न मारता कड दिसते. हे हाताला बसायला दोन महिने लागले. पण बसलं, कारण थांबायचं कुठे हे मला मासे कापताना कळतच होतं. सुरी काट्यापाशी आली की हात आपोआप थांबतो.

दुसरी गोष्ट मास्तरांनी सांगितली ती अशी की फूल बसून राहत नाही. बायकांसारखं समोर बसवून दिवसभर काढता येत नाही, म्हणजे हे त्यांचे शब्द, मी त्यांना तिथेच ऐकवलं की बायका तरी कुठे दिवसभर बसतात. तर, जे लवकर कोमेजतं ते आधी काढायचं. अनंताचं फूल सकाळी पांढरंशुभ्र आणि संध्याकाळी पिवळं, म्हणून आधी अनंत. अबोली तीन दिवस टिकते, ती मागाहून. पानं शेवटी. हे मला दोनदा सांगावं लागलं नाही. आमच्यात बांगडा आधी विकायचा आणि खेकडा मागे ठेवायचा, हे शेंबडं पोरदेखील जाणतं.

रंग मिसळायला बसले तेव्हा मात्र मी मास्तरांना चकित केलं. बाकीच्या तिघी शिकणाऱ्या पांढरा रंग ट्यूबमधून काढून तसाच फासत होत्या. मी म्हटलं, पांढरा कधी नुसता पांढरा असतो का? पापलेटाचं पोट बघा. त्यात राखाडी असतो, किंचित गुलाबी असतो, कडेला चंदेरी निळा. मी तसा लावला आणि अनंताची पाकळी ओलसर, जिवंत दिसायला लागली. अबोलीचा रंग कुणाला जमत नव्हता, कुणाचा संत्र्यावर जात होता, कुणाचा विटेवर. मी कोळंबी उकडल्यावर जो रंग येतो तो मनात धरला आणि दुसऱ्या खेपेला तो मिळाला. पानांच्या सावलीला बांगड्याच्या पाठीचा हिरवा-निळा. मास्तर मागे उभे राहून बघत होते. "कुठं शिकलाय ह्ये?" "बाजारात," मी म्हटलं. आणि मला आतून उकळ्या फुटत होत्या, कारण उद्या विहीणबाई ज्या फुलांचं कौतुक करतील त्यातली एक पाकळी शाकाहारी असणार नव्हती.

पण खरं हत्यार सापडलं ते माझ्या चुकीतून.

तो पहिला पावसाळा होता. तैलरंग पातळ करायला, चमक यायला अळशीचं तेल लागतं. मास्तर ते कोल्हापूरहून मागवत. घाटात दरड आली, रस्ता बंद, तेल येईना. माझी बाटली संपली आणि तांब्यातली फुलं कोमेजायला लागली. आमच्या मागच्या पडवीत माझ्या सासऱ्यांची जुनी लाकडी होडी आहे. आता तिला कुणी पाण्यात घालत नाही, पण नवरा दरवर्षी तिला तेल लावतो, मुशीचं. मुशी हा मोठा मासा, त्याच्या काळजाचं तेल काढतात. पूर्वी सगळ्या होड्यांना तेच लावत, त्याने लाकूड कुजत नाही. मी विचार केला, जे तेल खाऱ्या पाण्यात फळीला चिकटून राहतं ते कापडाला चिकटणार नाही का? तेल ते तेल. वाटीभर घेतलं आणि अख्खं चित्र त्यात काढलं.

शनिवारी चित्र घेऊन पडवीत शिरले. बाहेर पाऊस कोसळत होता, हवा जड. दहा मिनिटांत बाकीच्या तिघींनी पदर नाकाला लावले. एक म्हणाली, "कुठे उंदीर मेलाय वाटतं." मास्तर वाकून वाकून शेवटी माझ्या चित्रापाशी आले, आणि मागे सरकले. "ताई! ह्ये काय घातलंय?" मी सांगितलं. मास्तर खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या तिघीही हसल्या. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. रुखवताच्या टेबलापाशी उभी आहे असंच वाटलं, फक्त या खेपेला वास खरा होता.

ते चित्र घरी आणून माळ्यावर फेकलं. ऑक्टोबरच्या उन्हात माळा तापला आणि वास गेला, पार गेला. मी चित्र खाली काढून स्वयंपाकघरात लावलं. दिवाळीच्या सुमारास दोन दिवस अवकाळी पाऊस पडला आणि नवरा जेवता जेवता म्हणाला, "आज मुशी आनलीस काय?" घरात मुशी नव्हती. चित्राला पुन्हा वास येत होता. पाऊस थांबला, ऊन पडलं, वास गेला.

मी पुढच्या शनिवारी मास्तरांना विचारलं, असं का होतं. ते म्हणाले, ते तेल पूर्ण सुकतच नाही, हवेत ओल आली की घाम फुटल्यासारखं सुटतं. कितीही वर्षं. मी मान डोलावली आणि तांब्या काढायला बसले. माझं ब्रशकडे लक्ष नव्हतं. मला सोफ्याच्या वरची भिंत दिसत होती.

विहीणबाईंच्या नाकात जो वास नसताना होता, तो मी त्यांना आणून देणार होते. आठ महिने उन्हाळा-हिवाळा गप्प बसेल आणि पावसाळ्याचे चार महिने बोलेल असा.

आता प्रश्न एवढाच होता की त्यांनी ते घरात घ्यावं कसं. साधी भेट दिली असती तर चार दिवस उन्हात, मग स्कूटरवर. पण पुढच्या वर्षी ज्येष्ठ महिना अधिक आला. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायचं असतं. अनारसे तेहतीस, चांदीचं निरांजन आणि सोबत एखादी भेट. जावयाचं ते वाण त्याच्या आईने नाकारायचं नसतं, नुसतं कोपऱ्यात टाकायचंही नसतं. विहीणबाई रूढींच्या बाबतीत कडक. त्यांच्याच दोरीने त्यांना बांधायचं होतं.

एप्रिलमध्ये अनंत फुलला. मी पितळेचा तांब्या घासून त्यात अनंताच्या दोन फांद्या ठेवल्या, खाली अबोलीची वेणी अर्धी उलगडून सोडली. सतरा दिवस काढत होते, रोज नवीन फुलं आणून. त्या चित्रात मी अळशीचंच तेल वापरलं, मास्तरांनी शिकवलं तसं, आधी पातळ थर आणि वर जाड. चित्र पूर्ण झालं तेव्हा मास्तरांनी ते उजेडात नेऊन बघितलं. मग म्हणाले, "ताई, नाव घाला ह्याच्यावर. हिकडं, खालच्या कोपऱ्यात."

"मागे घालीन."

"मागं नाव भांड्याला घालत्यात. चित्राला पुढं घालायचं असतंय."

मी घातलं नाही. पुढे माझं नाव दिसलं असतं तर ते चित्र त्या भिंतीवर चढलं नसतं. घरी आणलं, कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो ती मागून उघडी असते. त्या पट्ट्यांना मी मुशीच्या तेलाचा हात दिला. होडीला देतात तसा, फडक्याने जिरवून, एकदा, दोनदा, तीनदा. मग वैशाखाच्या कडक उन्हात अंगणात महिनाभर. शेवटी मी, नवरा आणि शेजारीण, तिघांनी नाक लावून पाहिलं. काही नाही. नवऱ्याने फक्त डबा हलवून बघितला. "होडीच्या तेलाचा डबा कुनी संपवला?" मी चित्र उचलून घरात नेलं आणि त्याने परत विचारलं नाही.

वाण घेऊन गेलो तेव्हा विहीणबाईंनी अनारसे मोजून घेतले आणि चित्राचं कापड उघडलं. त्यांचं तोंड बघायला मी वर्षभर ब्रश धरला होता. त्या थबकल्या. "अबोलीला काय रंग आलाय!" कोळंबीचा, मी मनात म्हटलं. कुणी काढलं, हे त्यांनी विचारलंच नाही. आमच्यासारख्यांनी कुठूनतरी विकत आणलं असणार, हे त्या धरूनच चालल्या. दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन आला, आईने गुलाबाचं चित्र काढून तिथे तुमचं लावलं. स्वतः, स्टुलावर चढून.

मृग लागला. पाऊस आला आणि मी वाट बघू लागले. पंधरा दिवसांत जावई म्हणाला, घरात कसलासा वास येतोय, आईने प्लंबर बोलावलाय. मग फ्रिज साफ झाला. मग सोफा ओढून मेलेला उंदीर शोधला. मग गच्चीवरची टाकी उपसली. एकेका बातमीगणिक मला दोन घास जास्त जात. खोटं कशाला बोलू, गेल्या दोन वर्षांत एवढी गाढ झोप मला लागली नव्हती. मुलीला फोनवर मुद्दाम विचारलं, "काय गो, वास येतो म्हणं तुमच्यात?" ती म्हणाली, "येतो." आणि ऑफिसचं काहीतरी सांगू लागली. मला वाटलं, पोर कामात आहे.

श्रावणात विहीणबाईंनी मुलीची मंगळागौर ठेवली. संध्याकाळी हळदीकुंकवाला मला बोलावलं. हॉलमध्ये वीसेक बायका, बाहेर मुसळधार, खिडक्या बंद. धूप जळत होता, पूजेच्या पत्रीचा हिरवा वास होता, आणि त्या सगळ्याच्या खालून माझी मुशी आपलं काम करत होती. एका बाईने मान वर करून चित्र बघितलं, "सुंदर आहे हो, कुठून आणलं?" विहीणबाई म्हणाल्या, "पुण्याच्या आर्टिस्टकडून मागवलं." मी पेढा तोंडात टाकला. अजून थोडं चढू दे, म्हटलं, मग पडताना जास्त लागेल.

तेवढ्यात दुसरीने नाक आक्रसलं. "कसला ओ वास येतोय?"

विहीणबाईंनी माझ्या मुलीकडे बोट केलं. ती नऊवारी नेसून, नथ घालून पाटावर बसली होती. "हिला विचारा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "जयगडला जाते, दुपारी काय खाते देव जाणे. डबा तपासते, आल्या आल्या बाथरूममध्ये पाठवते, कपडे वेगळे धुते. दीड महिना झाला. वास काही जात नाही. शेवटी जिथली सवय तिथली."

मुलीने मान वर केली नाही. हातातली दूर्वा ती एकेक करून सरळ लावत होती.

डबा तपासते. कपडे वेगळे धुते. मी ज्या दीड महिन्यात दोन घास जास्त खाल्ले त्या दीड महिन्यात माझी मुलगी रोज संध्याकाळी दारातून थेट बाथरूममध्ये जात होती. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. पण त्यात निदान मारुती तरी होतो. माझ्या हातून माझ्याच मुलीच्या अंगावर घाण उडाली होती.

मी उठले. सोफ्यावर चढले, पायातली जोडवी त्यांच्या कव्हरमध्ये अडकली, तशीच ओढली. चित्र खिळ्यावरून काढलं, उलटं केलं आणि मागची चौकट विहीणबाईंच्या नाकासमोर धरली.

"हा घ्या तुमचा वास. मुशीचं तेल आहे, होडीला लावतात ते. मी लावलं, तीन हात. चित्रही मीच काढलंय, पुण्याचं कुणी नाही. माझ्या पोरीच्या अंगाला वास नाही. तिच्या आजीच्या लुगड्याला पण नव्हता."

मग ती पहिली बाई हळूच म्हणाली, "तुम्ही काढलंत? स्वतः?" विहीणबाईंचं तोंड मी जन्मात विसरणार नाही. त्या क्षणासाठी मी दोन वर्षं घालवली होती, आणि खरं सांगते, मला त्याची चव लागली नाही. मी मुलीकडे बघत होते आणि ती अजून दूर्वाच लावत होती.

चित्र काखेत मारून खाली आले. मागून पैंजण वाजले. मुलगी नथ हातात घेऊन जिन्याने उतरत होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्याच पावसात कळलं. आपल्या होडीचा वास मला कळणार नाही?"

"मग गो? बोललीस का नाय? दीड महिना ऐकून घेतलंस?"

"बघत होते," ती म्हणाली. "तू सांगतेस का ते. मी विचारलं असतं तर तू सांगितलंच असतंस. न विचारता सांगतेस का, ते बघायचं होतं."

ती पार्किंगमध्ये गेली, स्कूटरवरची गोधडी खेचली, दोनदा झटकली आणि खांद्यावर टाकून नऊवारीचा घोळ सावरत वर निघाली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत विहीणबाई उभ्या होत्या. त्यांनी गोधडी बघितली. अडवली नाही. ती आता मुलीच्या पलंगावर आहे, हे मी स्वतः बघून आले आहे.

विहीणबाईंबद्दल मला पस्तावा आहे का? नाही. त्या दिवशी त्या वीस बायकांनी जे बघितलं ते रत्नागिरीभर झालं, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं. गणपतीनंतर त्यांनी जावयाकरवी निरोप पाठवला, तशाच फुलांचं दुसरं चित्र, बिनवासाचं, काढून देता का, भिंत मोकळी दिसते. मी कळवलं, देईन, पण नाव पुढे असेल, मोठ्या अक्षरांत. अजून उत्तर आलेलं नाही. मला घाई नाही. खिळा तिथेच आहे.

विहीणबाईंच्या भिंतीवरून काढून आणलेलं चित्र आमच्या घरी आहे, जेवायला बसतो त्या भिंतीवर. या पावसाळ्यात मुलगी रविवारची आली होती. चित्रासमोर उभी राहिली, मग चौकटीला नाक लावलं.

"येतो अजून," ती म्हणाली.

मी जवळ जाऊन हुंगलं. चुलीवर कालवण होतं, दारात सुकट, बाहेर समुद्र. "मला तर नाय येत काय."

"तुला तेव्हा गोधडीचाही आला नव्हता, आई," ती म्हणाली, आणि ताटं घ्यायला आत गेली.